पर्सनॅलिटी, तब्येत आणि इतर कौतुकं

गेल्या शनिवारी एका मुंजीला गेलो होतो. मावसबहिणीच्या मुलाची मुंज. कार्यालय कर्वे रोडच्या एका गल्लीतलं, आणि उकाडा असा की गोटा केलेल्या बटूचा सगळ्यांना हेवा वाटावा. तर आत शिरल्यापासून हातात ताट येईपर्यंतच्या वीस मिनिटांत माझ्या दिसण्याबद्दल मला चार अभिप्राय मिळाले.

मोठी मावशी म्हणाली, "आता कसा छान दिसतोयस! मधे अगदी चिपाड झाला होतास."

मामा म्हणाले, "काय रे, पर्सनॅलिटी आली की तुला!"

मामेवहिनी म्हणाल्या, "भावजी, दाढी शोभते हो तुम्हाला."

आणि ज्यांच्याशी माझं नेमकं नातं काय हे मला शेवटपर्यंत कळलं नाही असे एक आजोबा माझी हनुवटी धरून म्हणाले, "मातृमुखी आहे. नशीब काढेल!" (वय वर्षं एक्केचाळीस. आता काढायचं तर लवकर काढायला हवं.)

चारही कौतुकंच होती, आणि मी चारही वेळा कसनुसं हसून "छे, छे" म्हणालो. पण घरी येताना गाडी चालवता चालवता लक्षात आलं की यातल्या एकानेही मी कसा दिसतो ते सांगितलेलं नाही. मावशीने माझं वजन सांगितलं. मामांनी उंची-रुंदी सांगितली. वहिनींनी (दोन दिवस दाढी करायचा कंटाळा केला होता) दाढीबद्दल सांगितलं, दाढीमागच्या चेहऱ्याबद्दल नाही. आजोबांनी तर माझ्या आईचं कौतुक केलं.

मराठीत पुरुषाच्या दिसण्याचं कौतुक करायची पद्धत मुळात अशीच आहे, असं माझं मत आहे. वाक्य दिसण्याचं असतं, अर्थ भलताच असतो. आणि हे मत नुसतं गंमत म्हणून बनलेलं नाही, त्याची मी थोडी किंमत मोजलेली आहे. त्याकडे येतोच.

आधी शब्द घ्या. बाईच्या रूपासाठी आपल्याकडे पोतंभर विशेषणं आहेत. (त्या पोत्याचं ओझं बायकाच वाहतात, त्यामुळे ते काही भाग्य नव्हे.) पुरुषासाठी सरळ शब्द एकच, 'देखणा'. पण हा शब्द तुम्ही वर्तमानकाळात कधी ऐकलाय का? "तरुणपणी काय देखणा होता!" असंच ऐकू येतं, आणि तेही बहुधा दहाव्याला. जिवंत माणसाला देखणं म्हणायचं तर तो रंगमंचावर किंवा पडद्यावर असावा लागतो. आमची आजी काशिनाथ घाणेकरांच्या घाऱ्या डोळ्यांबद्दल ज्या मोकळेपणाने बोलायची तो मोकळेपणा तिने आजोबांबद्दल कधी दाखवला नाही. आईच्या पिढीत तो मान रवींद्र महाजनींना मिळाला. नंतर मिलिंद सोमणला, तोही १९९५ च्या 'मेड इन इंडिया'त लाकडी खोक्यातून बाहेर आल्यावर. घरातल्या, शेजारच्या, पलीकडच्या क्युबिकलमधल्या पुरुषाला देखणं म्हणायची सोयच नाही. मग काम भागवायला दुसरे शब्द येतात.

त्यातला माझा सगळ्यात लाडका शब्द म्हणजे 'पर्सनॅलिटी'. इंग्रजीत याचा अर्थ स्वभाव, व्यक्तिमत्त्व वगैरे. मराठीत आल्यावर त्याचा अर्थ झाला सहा फूट. "काय पर्सनॅलिटी आहे!" असं ज्याच्याबद्दल म्हटलं जातं त्याचा स्वभाव कसा आहे हे म्हणणाऱ्याला माहीत नसतं, आणि त्याला काही अडतही नाही. उंची, खांदे, भरदार आवाज, जमल्यास मिशी. 'रुबाबदार' हा त्याचाच जुना भाऊ, फक्त त्याला मागे एखादा हुद्दा लागतो. नुसत्या उघड्याबंब माणसाला कोणी रुबाबदार म्हणत नाही. फौजदार, कलेक्टर, निदान सोसायटीचा चेअरमन तरी.

आमच्या क्षेत्रात याला 'प्रेझेंटेबल' म्हणतात. "क्लायंटसमोर कोणीतरी प्रेझेंटेबल पाठवा." मी नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत कोड लिहिला आणि तो समजावून सांगायला पाच फूट अकरा इंचाचा एक गृहस्थ जायचा. माणूस चांगला होता, माझा राग नाही. परत आल्यावर तो मलाच विचारायचा की मी तिकडे जे सांगितलं ते बरोबर होतं का! पण क्लायंटचा त्याच्यावर विश्वास बसायचा. १९२० साली एडवर्ड थॉर्नडाईक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले होते. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य असे वेगवेगळे रकाने होते. गुण मात्र एकमेकांना धरूनच चालत होते. शरीरयष्टी चांगली त्याची बुद्धीही चांगली, चारित्र्यही चांगलं. तेव्हा हे बघितलं होतं लष्करात. आमच्या अप्रेजलमधे वेगळं काही होत असेल असं मला वाटत नाही.

याची सर्वोत्तम खिल्ली १९७९ च्या 'गोलमाल'मधे आहे. ज्याला मिशी नाही त्याच्या मनाचा भरवसा नाही असं मानणारे उत्पल दत्त, आणि नोकरीसाठी मिशी सांभाळणारा, मिशी काढली की जुळा भाऊ होणारा अमोल पालेकर. माणूस तोच. भवानीशंकरांना आवडलेला चेहरा हा चेहरा नसून ऑफिसला वेळेवर येण्याची हमी असते. लग्नाच्या बाजारात 'साधा' म्हणतात ते हेच. "मुलगा अगदी साधा आहे हो दिसायला" म्हणजे तो सात वाजता घरी येईल, पगार सांगेल आणि लग्नानंतर कोणी दुसरी त्याच्याकडे बघणार नाही. 'सोज्वळ' म्हणजे हे सगळं, अधिक शनिवारी मारुतीला तेल.

आता 'स्मार्ट'. इथे मी स्वतः पुरावा म्हणून हजर आहे. मी रंगाने काळाकडे झुकणारा सावळा. कांदेपोह्यांच्या काळात विवाह मंडळाचा फॉर्म भरताना आईने रंगाच्या रकान्यात 'गव्हाळ' लिहिलं. बाबा वाचून म्हणाले, "गहू भाजून घेतलाय का?" शेवटी मध्यस्थ काकूंनी तोडगा काढला. त्या मुलीकडच्यांना सांगत, "मुलगा जरा सावळा आहे, पण स्मार्ट आहे." दोन वर्षं मी हे वाक्य ऐकलं. सुरुवातीला मला ते कौतुक वाटायचं. मग एकदा 'पण' ऐकू आला, आणि त्यानंतर दुसरं काही ऐकूच येईना. गोऱ्या मुलाला स्मार्ट म्हणायची वेळच येत नाही, त्याचं काम 'गोरा आहे' एवढ्यावर होतं. स्मार्ट ही सावळ्यांना मिळणारी भरपाई.

तुम्हाला वाटेल मी अति करतोय. मग हे बघा. 'फेअर अँड लव्हली' बाजारात आलं १९७५ मधे. ते बायकांचं, म्हणून पुरुष चोरून लावतात, हे लक्षात घेऊन २००५ मधे इमामीने खास पुरुषांसाठी 'फेअर अँड हँडसम' आणलं. २०२० मधे गोरेपणाच्या वेडावर जगभर टीका सुरू झाल्यावर 'फेअर अँड लव्हली'चं 'ग्लो अँड लव्हली' झालं. आणि २०२५ च्या सुरुवातीला इमामीनेही नाव बदललं. नवीन नाव काय? 'स्मार्ट अँड हँडसम'! म्हणजे 'फेअर' काढला आणि बरोब्बर त्याच जागी 'स्मार्ट' बसवला. आमच्या मध्यस्थ काकूंना रॉयल्टी मिळायला हवी.

बाकीचे किरकोळ. 'क्यूट' किंवा 'गोड' म्हणजे स्पर्धेतून बाद, पण प्रेमाने. "वय दिसत नाही" म्हणजे वय आठवलं. "फोटोपेक्षा प्रत्यक्षात बरे दिसता" हे कोणाला म्हणू नका, मी म्हणून बघितलंय.

असो. यातलं कोणतंच कौतुक फार टिकाऊ नसतं. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कौतुक असं आडून आलेलं असलं तरी आम्ही ते सोडत नाही. पुरुषाला दिसण्याबद्दल चांगलं कोणी म्हणतच नाही, त्यामुळे जे मिळेल ते पुरवून पुरवून वापरतो. २००९ मधे कॅन्टीनच्या रांगेत एका मुलीने मला "निळा शर्ट छान दिसतो तुला" असं म्हटलं होतं. तो शर्ट मी कॉलर विरेपर्यंत घातला, आणि नंतर तसाच दुसरा शोधला. ही भूक लक्षात ठेवा, कारण पुढच्या गोष्टीत तिचा हात आहे.

तर 'तब्येत'. या शब्दाचा अर्थ प्रकृती, आरोग्य. निदान डॉक्टरकडे तरी. घरी त्याचा अर्थ किलो. "तब्येत छान झालीये" म्हणजे वजन वाढलं, "तब्येत उतरली" म्हणजे कमी झालं. लग्नानंतर वर्षभरात माझं नऊ किलो वजन वाढलं तेव्हा मोठी मावशी समाधानाने म्हणाली होती, "लग्न मानवलं हो!" या 'मानवणे'ला तोड नाही. लग्न मानवतं, पुण्याचं पाणी मानवतं, ऑनसाईट गेलेल्याला अमेरिका मानवते, आणि हे सगळं मानवलेलं दिसतं ते पोटावर. 'खात्यापित्या घरचा' ही त्याच्या पुढची पायरी. त्यात तर पोट माझं आणि कौतुक घराचं, खरं म्हणजे बायकोच्या हातच्या स्वयंपाकाचं. दुष्काळ बघितलेल्या समाजाने भरलेल्या अंगाला चांगलं म्हणावं यात चूक काही नाही. आजीच्या आजीला ते खरंही असेल. माझं काम मात्र दिवसाचे दहा तास खुर्चीवर बसायचं.

आणि आपलं शरीर दिसण्यावर जात नाही. याचा पुरावाही पुण्यातलाच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मधे 'लॅन्सेट'मधे स्वतःचाच शेजारी शेजारी फोटो छापला होता. दोघेही सडपातळ. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. पण मोजल्यावर युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून बारीक असेलच असं नाही. म्हणूनच आपल्यासाठी जादा वजनाची रेघ बीएमआय २५ वर नाही, २३ वर आखलेली आहे, आणि पुरुषाच्या कमरेची ९० सेंटीमीटरवर. मावशीने माझी तब्येत पास केली तेव्हा माझी कंबर ९७ होती.

पुढचं दोन वर्षांपूर्वीचं. मार्च ते मे या काळात माझं वजन उतरायला लागलं. मी काही केलं नव्हतं. एक मोठं रिलीज चालू होतं, जेवणाच्या वेळा गेलेल्या, तेवढंच. आणि ऑफिसमधे जे सुरू झालं ते माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. लिफ्टमधे, कॅन्टीनमधे, व्हिडिओ कॉलच्या सुरुवातीला, सगळीकडे "अरे, काय मस्त बारीक झालास!" "कुठलं डाएट?" "जॉ लाईन दिसायला लागली राव!" ज्यांनी चार वर्षांत माझ्याशी जिराशिवाय संवाद केला नव्हता ते लोक थांबून विचारायला लागले. मी काय सांगितलं असेल? "काही नाही, साखर बंद केली आणि जरा चालतो." साफ खोटं. मी साखर बंद केली नव्हती आणि चालत तर अजिबात नव्हतो. पण एवढं कौतुक होत असताना 'काय माहीत, आपोआप होतंय' असं कोण सांगेल?

पँट सैल झाली तेव्हा मुलाच्या कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन पट्ट्याला नवीन भोक पाडलं. महिन्याने अजून एक. मला त्याचा अभिमान वाटत होता. रात्री तीनदा उठावं लागत होतं, तहान लागायची तर एक लिटरची बाटली एका दमात संपायची. उन्हाळा आहे म्हणून मी सोडून दिलं. बायको म्हणाली दाखवून ये. मी म्हटलं, रिलीज झालं की जातो.

मेच्या शेवटी केस कापायला गेलो. गेली बारा वर्षं माझे केस तेच कापतात. साठीचे गृहस्थ, फार बोलत नाहीत, रेडिओ लावलेला असतो. त्या दिवशी दाढी करताना वस्तरा मधेच थांबवून त्यांनी गालावर बोट दाबलं आणि आरशातूनच माझ्याकडे बघत म्हणाले, "साहेब, गाल हाताला लागत नाही. त्वचा नुसती सरकतेय. काही होतंय का तुम्हाला?" मी सवयीने म्हणालो, "डाएट चालू आहे." ते म्हणाले, "डाएटचा चेहरा असा नसतो." बस्, एवढंच. मग परत वस्तरा.

विचार करा, तीन महिन्यांत पन्नास-साठ लोकांनी मला 'बघितलं' होतं. त्यातल्या ज्या एकट्या माणसाने काही कौतुक केलं नाही त्यानेच फक्त चेहरा बघितला होता.

दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. एचबीएवनसी, म्हणजे साधारण गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेचा हिशोब, साडेसहाला मधुमेह म्हणतात. माझा ११.२ होता. डॉक्टरांनी समजावलं की इन्सुलिन पुरेसं काम करत नसलं की रक्तात साखर असूनही शरीराला ती वापरता येत नाही. मग शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू मोडून खातं. जादा साखर लघवीवाटे जाते, जाताना पाणी घेऊन जाते, म्हणून तहान. माझी जॉ लाईन अशी तयार झाली होती. "एवढं उतरलं तरी कोणाच्या लक्षात कसं नाही आलं?" असं त्यांनी विचारलं. सगळ्यांच्या लक्षात आलं होतं हो डॉक्टर, तोच तर प्रॉब्लेम होता.

आता गोळ्या, रोज पाच किलोमीटर चालणं, भात मोजून. एचबीएवनसी ६.४ वर आलाय आणि वजन थोडं परत भरलंय. मावशीच्या 'आता कसा छान दिसतोयस'चा अर्थ हा. यावेळी तिचा अंदाज बरोबर होता हे कबूल करतो. मागच्या वेळी चुकला होता तेव्हाही ती इतक्याच खात्रीने बोलली होती.

पण मुंजीचं एक राहिलंच. मामांचा मुलगा मन्या भेटला. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, तोही आयटीतलाच, बऱ्याच महिन्यांनी दिसला. चांगला बारीक झालेला. त्याच्याभोवती घोळका आणि तेच सगळं चाललेलं, "काय मेन्टेन केलंयस रे!", "आमच्या यांना सांग जरा!" मन्या हसून सगळ्यांना उत्तरं देत होता. मीही म्हणणारच होतो. तोंडात आलंच होतं. तेवढ्यात त्याचा झब्बा वर सरकला आणि पट्टा दिसला. कडा फाटलेलं, वेडंवाकडं पाडलेलं भोक. कर्कटकाचं असावं. खिळ्याचंही असेल.

हात धुवायच्या बेसिनपाशी त्याला गाठलं. म्हटलं, "मुद्दाम केलंस की आपोआप झालं?"

तो हसला. मग हात धूत राहिला. नळ बंद केला, तरी हात तसेच.

"रात्री उठावं लागतं का? तहान वगैरे?"

"नाही रे, तसलं काही नाही. शुगर बघितली मी, नॉर्मल आहे." मग जरा वेळाने म्हणाला, "झोप येत नाही. जेवण जात नाही. फेब्रुवारीत गेला जॉब. घरी माहीत नाही अजून. रोज बॅग घेऊन निघतो."

आत मामांचा आवाज येत होता, कोणाला तरी सांगत होते, आमचा मन्या बघा, पर्सनॅलिटीच बदलली त्याची.

पानावर जिलबी वाढायला आले होते. मला तशीही चालत नाही. मठ्ठ्याचे दोन ग्लास घेतले आणि आम्ही मागच्या जिन्यात, चपलांच्या ढिगापाशी जाऊन बसलो.